एकाच वस्तीवर दोन लेकरांना सारखं व्यंग : शंका आली तर काय करायचं?



मागच्या महिन्यात एका गावात गटांच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, आणि सगळ्या उठायच्या बेतात असताना एक बाई हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? आमच्या वस्तीवर दोन वर्षांत दोन लेकरं फाटलेल्या ओठाची झाली. वस्तीला लागून द्राक्षाची बाग हाय. फवारा चालू असला की आडाच्या पाण्यालासुद्धा वास मारतो. त्यानंच झालं असंल का?"

तिला कुणी उत्तर द्यायच्या आत दुसरी म्हणाली, "कशाचा फवारा! गिराणात भाजी चिरली हुती तिनं." तिसरीनं तर निकालच दिला. म्हणाली, एका लेकराचे आईबाप आते-मामे भावंडं आहेत, मग दुसरं काय होणार?

तीन बाया, तीन कारणं. आणि ज्या दोघींची ती लेकरं, त्या बैठकीला आल्याच नव्हत्या. का आल्या नसतील ते तुम्हाला सांगायला नको.

आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे. बसल्या जागी त्याचं उत्तर मोठा डॉक्टरसुद्धा देऊ शकत नाही. पण उत्तर शोधायची एक रीत आहे, आणि त्या रीतीतलं पहिलं काम गावातल्या बायाच करू शकतात.

आधी ग्रहणाचं उरकून टाकू. ग्रहण लागतं ते करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत एकाच वेळी लागतं. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात हजारो बाया पोटुशी असतात. त्यातल्या सगळ्या काही अंधारात निजून राहत नाहीत. कितीतरी जणी भाजी चिरतात, खुरपतात, ऊस तोडतात. ग्रहणानं ओठ फाटत असता तर प्रत्येक ग्रहणानंतर सात-आठ महिन्यांनी दवाखान्यात अशा लेकरांची रांग लागली असती. तशी कधी लागत नाही. दुसरं असं, की बाळाचा ओठ गर्भ राहिल्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत जुळून गेलेला असतो. पाचव्या महिन्यात हातात विळी घेतली म्हणून जुळलेला ओठ पुन्हा फाटत नाही.

आता मी काय केलं ते बघा. ग्रहण मानणाऱ्या बाईला मी नावं ठेवली नाहीत. फक्त दोन गोष्टी विचारल्या : बाकीच्यांचं काय झालं, आणि कधी झालं? हेच दोन प्रश्न फवाऱ्यालाही विचारायचे. आपल्याला फवाऱ्याचा राग आहे म्हणून त्याला वेगळा न्याय नाही.

अशी शंका सगळ्यात आधी येते ती बहुतेक वेळा आयांना, नर्सबाईंना, नाहीतर गावात राहणाऱ्या डॉक्टरला. १९४१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एकामागून एक मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, तान्ह्यांना कसा? दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या की पोटुशी असताना आम्हाला ताप-पुरळ आला होता. ते ग्रेग यांच्या कानावर पडलं. दुसरा कुणी असता तर बायांच्या गप्पा म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी प्रत्येक आईला विचारलं, इतर डॉक्टरांकडून माहिती मागवली, आणि ७८ बाळांची यादी केली. त्यातल्या ६८ आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या दिवसांत. सुरुवातीला पुष्कळ डॉक्टरांनी विश्वास ठेवला नाही. आज आपल्या लेकरांना नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस टोचतात, तिच्या मुळाशी त्या बाकावरचं बोलणं आहे.

हे झालं तापाचं. फवाऱ्याचीच गोष्ट हवी असेल तर कासरगोडला जावं लागतं. केरळचा हा अगदी उत्तरेकडचा जिल्हा, मंगळूरच्या खाली. तिथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरं आजही आहेत. डोंगरउतारावर सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागा होत्या, सुमारे साडेचार हजार हेक्टर. काजूवर कीड पडते म्हणून १९७० च्या दशकाच्या शेवटापासून २००० सालापर्यंत, वर्षातून दोन-तीनदा, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान नावाचं औषध फवारलं जायचं. बागा डोंगरावर, वस्त्या खाली, मधून ओढे वाहतात, आणि विहिरी उघड्या. वरून पडलेलं कुठं उतरत असेल ते आपल्याला सांगायला शास्त्रज्ञ नको.

पहिली चाहूल माणसांत लागली नव्हती. १९७९ च्या सुमारास पडरे गावात गाईंना वाकड्या पायांची वासरं होऊ लागली. श्री पडरे हे त्याच भागातले शेतकरी आणि पत्रकार, त्यांनी त्यावर लिहिलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढं त्याच भागात दवाखाना चालवणारे डॉ. मोहन कुमार यांच्या लक्षात आलं की एका छोट्या टापूतच मतिमंद मुलं, फिट येणारी मुलं, जन्मजात व्यंगं आणि कॅन्सर फार दिसतायत. त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९९० च्या दशकात डॉक्टरांच्या नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं. आणि लीलाकुमारी अम्मा, कृषी खात्यात नोकरी करणारी एक साधी बाई, १९९८ साली न्यायालयात गेल्या आणि हवाई फवारणीवर मनाई हुकूम मिळवला. स्वतः कृषी खात्यात असून! मला या सगळ्या गोष्टीत त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

मग तपास सुरू झाले. दिल्लीच्या एका संस्थेनं पाणी, माती आणि माणसांचं रक्त तपासलं, त्यात औषध सापडलं. कंपनीच्या बाजूनं दुसऱ्या प्रयोगशाळेनं तपासलं, त्यात सापडलं नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑक्युपेशनल हेल्थ या सरकारी संस्थेनं वेगळ्या पद्धतीनं काम केलं. काजूच्या बागेखालच्या गावातली ११७ शाळकरी मुलं घेतली, आणि जिथं फवारणी होत नव्हती अशा दुसऱ्या गावातली तशाच वयाची ९० मुलं. २००३ साली तो अभ्यास छापून आला. फवारणीच्या गावातल्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान जास्त होतं, आणि ती मुलं वयात उशिरा येत होती.

आता यातला एक बारकावा. त्याच अभ्यासात जन्मजात व्यंगही बघितलं होतं : हर्निया, अंडकोश खाली न उतरणं, असं. फवारणीच्या गावात ते दर शंभरात ५ मुलांना होतं, दुसऱ्या गावात शंभरात १. ऐकल्यावर वाटतं, झालं की सिद्ध! पण प्रत्यक्षात एकीकडे सहा-एक मुलं आणि दुसरीकडे एखादं. इतक्या थोड्या आकड्यांत असा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, म्हणून शास्त्रज्ञांनी तो पुरावा धरला नाही, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं. व्यंग सुदैवानं कमी लेकरांना असतं, आणि त्यामुळंच त्याचं कारण सिद्ध करणं इतकं कठीण जातं.

सरकारच्याच दुसऱ्या समितीनं औषधाचा आणि आजारांचा संबंध सिद्ध झालेला नाही असं म्हटलं. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये जगभरातल्या देशांनी मिळून एंडोसल्फान बंद करायच्या यादीत घातलं, आणि १३ मे २०११ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं देशभर बंदी आणली. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयानं पीडितांना ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. पीडितांची सरकारी यादी साडेसहा हजारांच्या वर गेली. त्यातला कोणता आजार औषधानं झाला आणि कोणता नाही, यावर शास्त्रज्ञांत अजूनही एकमत नाही.

वासरांच्या बातमीपासून बंदीपर्यंत बत्तीस वर्षं. यातली काही वर्षं वाचली असती असं मला वाटतं. तपास करणारे आले तेव्हा त्यांनी विचारलं असणार : फवारणी सुरू व्हायच्या आधी या गावात किती बाळं जन्मली, त्यातली किती व्यंगाची? फवारणी सुरू झाल्यावर किती? आणि डोंगराच्या पलीकडच्या गावात किती? अशी पहिल्यापासूनची वही गावोगावी असती, तर भांडणाला वेगळं बळ आलं असतं. म्हणून मी त्या बाईला म्हटलं, वही कर.

पण वही करायच्या आधी योगायोग म्हणजे काय ते समजून घ्या. मूठभर जोंधळे घ्या आणि घरातल्या फरशीवर उधळा. प्रत्येक फरशीवर मोजून चार-चार दाणे पडतील का? नाही पडत. एकीवर नऊ पडतील, शेजारची कोरी राहील. नऊ दाण्यांच्या फरशीनं काही जादू केलेली नसते.

आपल्याकडे दर १०० जन्मांमागे साधारण २-३ बाळांना काही ना काही मोठं जन्मजात व्यंग असतं. तीन हजार लोकवस्तीच्या गावात वर्षाला पन्नासेक बाळंतपणं होतात. म्हणजे वर्षाला एखादं तसं बाळ येणारच. एखाद्या वर्षी तीन, एखाद्या वर्षी एकही नाही. त्यात एकाचा पाय वाकडा, एकाच्या हृदयाला छिद्र, एकाला ऐकू येत नाही, असं असेल तर त्या तिघांचं कारण एकच असण्याची शक्यता कमी. आपण "व्यंग" म्हणून त्यांची एक मोळी बांधतो, पण शरीराचा प्रत्येक भाग वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रीतीनं घडतो.

फाटलेला ओठ किंवा टाळू हजार जन्मांमागे एकाच्या आसपास दिसतो. म्हणजे त्या तीन हजारांच्या गावात वीसेक वर्षांत एक. मग छोट्याशा वस्तीवर दोन वर्षांत दोन, हे नक्कीच जास्त आहे. बाईची शंका रास्त होती. पण आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके आणि हजाराच्या वर गावं आहेत. इतक्या फरश्यांत कुठल्यातरी एकीवर दोन दाणे शेजारी शेजारी पडणारच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तिसरं बाळ तसंच झालं, किंवा बागेला लागून असलेल्या घरांत जास्त आणि लांबच्या घरांत कमी असं दिसलं, तर शंकेचं वजन वाढतं. आणि एक चूक आपण सगळ्याच करतो, ती टाळायची. आजारी लेकरं दिसतात तेवढीच रेघ ओढायची आणि ओढ्यापलीकडची निरोगी चाळीस लेकरं बाहेर ठेवायची, असं करायचं नाही. कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या वर्षापासून मोजायचं, हे आधी ठरवायचं, मग मोजायला लागायचं.

आता "कधी" आणि "कुठं". इथं आपल्या बायांना जे कळतं ते शहरातून आलेल्या साहेबांना कळत नाही.

बाळाचा मेंदू आणि मणका बनणारी नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा बाईची पाळी जेमतेम दोन आठवडे चुकलेली असते, कित्येकींना दिवस गेल्याची खबरही नसते. हृदय, हात-पाय, ओठ हे सगळं आठव्या आठवड्यापर्यंत आकाराला येतं. म्हणून बाळंतपणाच्या वेळी आई कुठं होती हे विचारून फार उपयोग नाही. जन्मतारखेपासून नऊ महिने मागं जायचं, आणि तिथून पुढचे दोन महिने ती कुठं होती, काय खात-पीत होती, कोणतं काम करत होती, हे विचारायचं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे जन्माची नोंद होते माहेरच्या गावात, आणि ते पहिले दोन महिने गेलेले असतात सासरी. कागदावर व्यंगाचं बाळ मोहोळ तालुक्यात दिसतं, आणि कारण असलंच तर ते पंढरपूर तालुक्यात असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर आणखी अवघड. दिवस गेले तेव्हा ती कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर होती, पाणी कालव्याचं प्यायली, झोपडी उसाच्या फडाच्या कडेला. गावात आल्यावर तिच्या बाळाचा दोष गावच्या आडाला लागतो. नुसत्या जन्मनोंदी बघून नकाशा काढला तर तो चुकीचाच निघणार.

द्राक्षाचं बघा. आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दोन-तीन महिने फवारण्यांचा जोर असतो. कासेगाव, नान्नजकडच्या बायांना हे सांगायला नको. त्या महिन्यांत ज्यांना दिवस गेले, त्यांची बाळंतपणं साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात येतात. फवाऱ्याची शंका असेल तर तपासायचं हे, की व्यंगाची बाळं त्या महिन्यांतच जन्मली का? का वर्षभर विखुरलेली आहेत? त्या बाईच्या वस्तीवरची दोन लेकरं कोणत्या महिन्यातली हे मी तिला विचारलं. एक ऑगस्टमधलं, एक मार्चमधलं. एवढ्यावरून फवारा सुटला असं नाही आणि अडकला असंही नाही. पण हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता.

बाकीची कारणंही वहीत यायला हवीत, नाहीतर फवाऱ्याशी भांडता भांडता खरा चोर मागच्या दारानं जाईल. फॉलिक अ‍ॅसिड हे एक जीवनसत्त्व. ते कमी असलं तर पाठीवर गाठ घेऊन आलेली किंवा डोक्याची कवटीच न बनलेली बाळं जास्त होतात. १९९१ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायांना दिवस राहायच्या आधीपासून ही गोळी दिली, तर पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण जवळजवळ पाऊण भागानं घटलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायांत बी-१२ कमी आढळलं. तेही याच कामाचं जीवनसत्त्व, आणि ते भाजी-भाकरीत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मटणात मिळतं. घरात दूध डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो, हेही पर्यावरणच म्हणायचं.

नात्यातल्या लग्नाचं बोलते. आपल्या सीमाभागात मामाची मुलगी, बहिणीची मुलगी करायची रीत आहे. अशा लग्नातली बहुतेक लेकरं धडधाकट असतात. पण शंभरात दोन-तीनचं प्रमाण आते-मामे भावंडांच्या लग्नात साधारण दुप्पट होतं, आणि मामा-भाचीच्या लग्नात त्याहून वर जातं. म्हणून तिसरी बाई पूर्ण चुकली नव्हती. पण तिनं एका लेकराचं सांगितलं. दुसऱ्या लेकराच्या आईबापांचं काहीच नातं नाही, ते ती विसरली.

शिवाय साखरेचा आजार, फिटवरचं व्हॅल्प्रोएट नावाचं औषध (स्वतःच्या मनानं बंद करू नका, दिवस राहायच्या आधी डॉक्टरांना विचारा), तंबाखू. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, आणि ती बाळाचं वजन घटवते. सोलापुरात विड्या वळणाऱ्या मैत्रिणी ऐकत असतील, त्यांनी पहिल्या महिन्यापासूनच नर्सबाईंना आपलं काम सांगून ठेवावं.

एवढं सगळं करून कारण सापडेलच असं नाही, हेही सांगते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात द्राक्ष-सफरचंदाचा मोठा पट्टा आहे. २०१२ साली तिथल्या एका लहान दवाखान्यातल्या नर्सच्या लक्षात आलं की कवटी न बनलेली बाळं थोड्याच दिवसांत पुन्हा पुन्हा येतायत. तिनं कळवलं. आरोग्य खात्यानं तीन काउंट्यांचा भाग मोजला : तीन वर्षांत अशी २३ बाळं. दर १०,००० जन्मांमागे ८.४, बाकी देशात २.१. म्हणजे चौपट. योगायोग म्हणून सोडता येईना. मग निरोगी बाळांच्या आयांशी तुलना केली : पाणी विहिरीचं का नळाचं, आईचं काम काय, औषधं कोणती. फरक सापडला नाही. पण हे सगळं त्यांनी दवाखान्याच्या कागदांवरून केलं, आयांना समोर बसवून विचारलं नाही, म्हणून लोक फार चिडले. मलाही वाटतं की बरोबर चिडले. केसपेपरवर "शेतमजूर" एवढंच लिहिलेलं असतं. शेजारच्या शेतात त्या आठवड्यात काय मारलं ते लिहिलेलं नसतं.

तर वही कशी करायची? गटानं एक शंभर पानी वही घ्यायची. आधी ठरवलेल्या हद्दीत आणि ठरवलेल्या वर्षांत झालेलं प्रत्येक बाळंतपण त्यात यायला हवं, निरोगी लेकरूसुद्धा. निरोगी लेकरं नसतील तर ती वही नुसती दुःखाची यादी होते, तपासाला उपयोग नाही. मेलेलं जन्मलेलं बाळ, पाचव्या महिन्यात गेलेलं, सोनोग्राफीत दोष दिसला म्हणून खाली केलेलं, हेही आलं पाहिजे. ती कुठल्याच गावच्या दप्तरात नीट सापडत नाहीत, आणि अवघड व्यंगाची बाळं बहुतेक त्यांतच असतात. हे विचारायला आईच्या विश्वासातली बाई जाऊ दे, आणि ती सांगत नसेल तर जोर करू नका. जन्मतारीख, पहिले दोन महिने कोणत्या गावात, पाणी कुठलं, काम काय, घराशेजारी काय पीक आणि त्या दिवसांत कोणती फवारणी, गोळ्या घेतल्या का, ताप-पुरळ आला का, आईबाप नात्यातले का. औषधाच्या रिकाम्या डब्यावरचं नाव उतरवून घ्या. डब्यावरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण औषध पोटात गेलं तर किती लवकर जिवावर बेतेल ते दाखवतो. पोटातल्या बाळाचं काय होईल ते दाखवत नाही. हिरवा त्रिकोण बघून निर्धास्त होऊ नका.

वहीत नाव लिहू नका, घराला आकडा द्या, आणि कोणत्या आकड्याचं घर कोणतं तो कागद वेगळा, एकीच्याच पेटीत. ज्या घरात व्यंगाचं लेकरू आहे, त्या घरातल्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडू शकतं. म्हणून बातमीदाराला बोलवायच्या आधी दहादा विचार करा.

वही आशाताई आणि नर्सबाईंना दाखवा, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव लिहून घ्या, आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. तोंडी सांगू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पाण्याचं म्हणाल तर जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण आणि पेटी द्यायची योजना आहे. त्या पेटीत फ्लोराईड, नायट्रेट कळतं, फवाऱ्याची औषधं कळत नाहीत. ती प्रयोगशाळेतच तपासावी लागतात, आणि नमुना फवारणीच्या दिवसांत घ्यायला हवा. फवारणी संपून पाऊस पडल्यावर घेतलेल्या नमुन्यात काही निघालं नाही, म्हणून काही नव्हतंच असं होत नाही. अर्जात हे स्पष्ट लिहा.

आणि तपास लागेपर्यंत थांबायचं नाही. जिला दिवस राहायची शक्यता आहे, तिला फवारणीच्या आणि औषध कालवायच्या कामाला पाठवू नका. तिचं काम दुसरीनं उचला, गट कशाला आहे? फवाऱ्याचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. आडावर झाकण घाला. फवाऱ्याच्या दिवशी बागवाल्यानं वस्तीला आदल्या दिवशी सांगावं, पंप आडावर धुऊ नये, एवढं तर कुठलाही निकाल न लागता मागता येतं. लग्न ठरलं की मुलीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू होऊ दे, नर्सबाईंकडे मिळते. आधी पाठीच्या व्यंगाचं बाळ झालेलं असेल तर जास्त ताकदीची गोळी लागते, ती डॉक्टरच देतील.

राहिली ती दोन लेकरं. कारण फवारा निघो, नातं निघो नाहीतर काहीच न निघो, त्यांचा ओठ शिवायचाच आहे. बैठकीनंतर मी आशाताईंबरोबर त्यांतल्या एका घरी गेले. बाळ दोन महिन्यांचं, वजन कमी. अंगावर ओढता येत नव्हतं म्हणून आजी त्याला आडवं धरून पाजत होती आणि दूध नाकातून येत होतं. अशा बाळाला बसल्यासारखं उभं धरायचं, आईचं दूध वाटीत काढून चमच्यानं थोडं थोडं पाजायचं, मधे मधे खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू, हृदयाचे दोष यांचे उपचार फुकट होतात. नाव आशाताईंमार्फत नोंदवायचं. ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या महिन्यानंतर, वजन भरलं की करतात. टाळूची वर्षाच्या आसपास. वाकड्या पायाला तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करायचं असतं, तिथं वाट बघू नका. त्या आजीनं वाटी-चमचा लगेच मागवला. सून मात्र दारामागून बाहेर आली नाही. पुढच्या खेपेला मी आधी तिच्याशीच बोलणार आहे.